पूजेनंतरची धूळ

धामणगाव रेल्वे गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये शिरताच नितेशला शिंकांवर शिंका आल्या.

"पंखा चालू असून ही हवा?"

"म्हणूनच बोलावलंय आपल्याला," लुबना म्हणाली. अमरावतीची ही खासगी गुप्तहेर शिंकतसुद्धा नव्हती. नितेश तिचा मदतनीस.

मालक वामनरावांनी कापसाची धूळ ओढून कापडी पिशव्यांत गाळणारा पंखा बसवला होता. कापूस निवडणाऱ्या बायांचे खोकले थांबले होते. दसरा झाला आणि धूळ परतली.

"पंख्यावर ठेवलेला हा सहदेव तो चोरून बंद ठेवते," वामनराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दुसरं कारण दाखवा, नाहीतर त्याले काढतो."

कापसाचे भाव पडलेले. गेलेली नोकरी पुन्हा मिळणारी नव्हती.

"पंखा बंद ठेवून मले काय भेटते?" सहदेव म्हणाला. "माही मायच आत कापूस निवडते. खोकून राहिली ना."

पंखा बसवणारे इनायतुल्ला मिस्त्री दुखावले होते. "बेटी, मोटर ऐक. पिशवीतून हवा जाते, धूळ अडकते. पिशवी फक्त झटकायची, बस्स. मी सांगूनच गेलो होतो."

मोटर सुरात होती. तिच्यावर झेंडूचा सुकलेला हार. लुबनाने पंखा थांबवायला लावला. पांढऱ्याशुभ्र पिशव्या फुगलेल्याच राहिल्या. नितेशने टिचकी मारली. पापडासारखा आवाज आला. खालचा धुळीचा डबा रिकामा.

सहदेवची आई पार्वताबाई तोंडाला पदर लावून आली. लुगड्याच्या निऱ्या सुरीसारख्या. "पोराले बोल लावू नका, बाई. खंडेनवमीच्या पूजेले म्या सारं लख्ख धुतलं. पिशव्यासुद्धा."

लुबना हसली. तिने सगळ्यांना पिशव्यांपाशी बोलावलं.

"डबा रिकामा, म्हणजे धूळ इथवर येतच नाही. पंखा ओढतो, पण हवेला बाहेर पडायला वाट नाही. पंखा थांबला की कापड लोंबायला हवं, हे ताठ. आणि हे सगळं पूजेनंतरचं. मावशी, पिशव्यांना लुगड्यासारखी खळ घातली ना?"

पार्वताबाई गडबडली. "साबुदाण्याची. उपासाचा उरला होता. या पंख्यानं माही छाती मोकळी केली. देवापुढं चुरगळलेलं कसं ठेवू?"

"खळीनं कापडाची छिद्रं बुजली."

"म्हणजे गुन्हेगार साबुदाणा," नितेश गंभीरपणे म्हणाला.

वामनरावांनी घसा खाकरला. "सहदेव, पाणी तापव. धू त्या पिशव्या. अन् माझं बोलणं मनावर नको घेऊ."

उन्हं कलताना वाळलेल्या पिशव्या चढवून पंखा पुन्हा सुरू झाला. उन्हाच्या तिरिपेतली धूळ पंख्याच्या नळाकडे वळली. पार्वताबाईनं पदर खाली घेतला. लुबना जरा वेळ पंख्याच्या आवाजाला कान देऊन उभी राहिली. तिच्या अब्बांचा सारा जन्म अशाच जिनिंगमध्ये राबण्यात गेला होता. त्यांच्या जिनिंगमध्ये पंखा नव्हता.

"पुढच्या दसऱ्याले नुसतं कुंकू लावीन," पार्वताबाई म्हणाली.

"मोटरला," इनायतुल्ला म्हणाले. "पिशवीला नको."