आधी दगड तपासून येतो

खरंखोटं करणाऱ्यांनी खुशाल करावं. यिल्वाच्या बाबतीत हे घडलं. स्टॉकहोम, नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन.

पण सुरुवात आदल्या शनिवारपासून करायला हवी.

तिचे वडील, स्टुरे, तिच्या स्वयंपाकघरात दालचिनीचा पाव कॉफीत बुडवून खात होते. तरुणपणी त्यांनी मेट्रोची भुयारं खोदली. निवृत्तीनंतर त्यातलंच एक, उघड्या खडकाच्या छताचं स्टेशन ते दर शनिवारी फेरी काढून पाहुण्यांना दाखवायचे. पाहुण्यांसाठी माहितीपुस्तिकाही त्यांनीच लिहिलेली. हातोडीने ते खडकावर ठोकून दाखवत. खणखणीत वाजला तर दगड पक्का. बद्द वाजला तर मागे सरायचं.

"आज तरी येशील?"

"काम आहे, पप्पा."

"राजालासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त सवड असते," म्हणत ते निघाले.

काम नव्हतं. यिल्वाला लहानपणापासून भुयाराची भीती वाटायची. शहरात ती बसनेच फिरे. पण भुयारं खोदणाऱ्याच्या लेकीने हे बापाला सांगावं कसं? दहा वर्षं ती कामाचं निमित्त सांगत राहिली. लेकीला आपल्या कामाचं अप्रूप नाही असंच त्यांना वाटत असणार, हे तिला आतून टोचायचं.

मंगळवारी स्टुरे झोपेतून उठलेच नाहीत.

पुढच्या शनिवारची फेरी मात्र जाहीर झालेली होती. ती रद्द झाल्याचं सांगायला कोणीतरी जायला हवं होतं.

यिल्वा गेली. सरकता जिना संपता संपेना. कठडा घट्ट धरून, डोळे मिटून ती उतरली.

फलाटावर दोघंच होती... नॉर्वेचं एक जोडपं, हातात पप्पांची पुस्तिका. आजची फेरी होणार नाही, असं तिने त्यांना सांगितलं.

दोघं एकमेकांकडे बघू लागली.

"अहो, फेरी सुरू झालीय," नवरा म्हणाला. "पिवळ्या जाकिटातले आजोबा आत्ताच पुढे गेले. आम्ही नॉर्वेचे कळल्यावर म्हणाले, डोंगर तुमच्याकडे, पण ते पोखरायला आम्हीच लागतो." त्याची बायको हसली.

पप्पांचंच बोलणं.

ठण्...

फलाटाच्या टोकाकडून आवाज आला. तिथे कोणी नव्हतं.

ठण्... जरा जवळून.

पप्पांची हातोडी तर ते गेल्यावर तिनेच आपल्या घरी, कपाटात ठेवली होती.

ठण्... आता अगदी तिच्या डोक्यावरच्या खडकावर. खणखणीत.

मग काहीच नाही. ना गाडीची घरघर, ना पावलं.

ते आणखी काय म्हणाले, असं तिने कसंबसं विचारलं.

बायको आता हसत नव्हती. "म्हणाले, इथेच थांबा. माझी मुलगी येतेय. घाबरते ती. तिच्यासाठी आधी दगड तपासून येतो."

यिल्वाला मागे वळून बघवेना. बोगद्यातून गार वारा आला... गाडी मात्र आली नाही.

"पप्पा," बोगद्याच्या रिकाम्या अंधाराकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "काम कधीच नव्हतं. मला भीती वाटायची. अजून वाटते."