मोत्यांच्या कुड्या आणि चिमूटभर साखर

शैलजाने डबी उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"माझ्या कुड्या कुठायत?"

डबीत कुड्या नव्हत्या. तळाशी दोन चिमटी साखर होती.

डबी तिच्या सासूची, मालिनीबाईंची. पुण्याहून आणलेली, बडीशेपेची, फिरकीच्या झाकणाची. हेल्मेटच्या पट्ट्यात कानातलं अडकतं म्हणून झिपलाइनवरच्या कार्लने शैलजाला कुड्या काढायला लावल्या, तेव्हा मालिनीबाईंनी उरलीसुरली बडीशेप तोंडात टाकून रिकामी डबी सुनेपुढे धरली होती. कुड्या डबीत गेल्या, डबी नेत्राच्या पिशवीत गेली आणि शैलजा तारेला लटकून दरीपलीकडे गेली. या गोष्टीला तासही झाला नव्हता.

२००५ चा जुलै होता. कोलोरॅडोतलं हे रिसॉर्ट स्वतःला आल्प्स समजत असे. लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, दारोदारी गाईच्या गळ्यातल्या घंटा. गाय मात्र औषधालाही नव्हती. मालिनीबाईंचे दोन मुलगे सहकुटुंब इथे सुट्टीला आले होते. थोरला गिरीश अर्विंगहून, बायको रत्ना आणि लेक स्वानंदी यांना घेऊन. धाकटा संजय चँडलरहून, शैलजा आणि मुलगा अनीश यांच्यासह. नेत्रा नागपूरची. एमएस करत होती, संजयच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होती आणि लांबचं ड्राइव्ह वाटून घ्यायला सोबत आली होती.

भावाभावांत सगळ्याचीच चढाओढ. सकाळी चढाईच्या भिंतीवर दोन्ही मुलांना चढवून दोन्ही बाप खाली घड्याळं लावून उभे होते. पोरं बिचारी हसत होती, बाप हसत नव्हते.

"कार्ल मघाशी हेल्मेटं न्यायला या टेबलापाशी आला होता, मी वरून पाहिलं," गिरीश म्हणाला.

"पण पिशवी नेत्राकडे होती," शैलजा म्हणाली. "आणि आज सकाळीच हिने माझ्या कुड्या आरशासमोर लावून बघितल्या."

नेत्रा लाल झाली. "तुम्हाला विचारून बघितल्या, ताई."

संजयने फोन काढला. सिक्युरिटीला बोलावतो, रीतसर रिपोर्ट करू, म्हणाला. तेव्हा नेत्रा खालीच बसली. "दादा, प्लीज. चोरीच्या रिपोर्टमध्ये माझं नाव आलं तर व्हिसाचं काय होईल? डिसेंबरात माझी डिग्री आहे."

"तू घेतलं नसशील तर घाबरतेस कशाला?" संजयने फोन लावलाच. गार्ड पंधरा मिनिटांत येतो म्हणाला.

मालिनीबाई हे सगळं ऐकत होत्या. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी सव्वीस वर्षं रेक्टर म्हणून काढली होती. चोऱ्या त्यांना नव्या नव्हत्या, आणि निष्पाप मुलगी कशी रडते हेही त्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यावर कुणाला सोडायचं नसतं. त्यांनी डबी घेतली, बोटाने साखर जिभेवर ठेवली आणि झाकण लावून टाकलं.

"नेत्रा, पिशवी सोडून कुठे गेली होतीस?"

"पलीकडे, काकू. शैलजाताई उतरताना फोटो काढ म्हणाल्या होत्या ना."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असेल. तुम्ही होतात माझ्यासोबत."

"होते. टेबलापाशी कोण राहिलं?"

नेत्राने मान खाली घातली. "रत्नाताई. त्यांना उंचीची भीती वाटते म्हणून त्या वर गेल्या नव्हत्या."

"रत्ना, तू इथेच होतीस?"

"मधे हात धुवायला गेले होते," रत्ना म्हणाली. "तेव्हाच कार्ल आला असेल. मला नाही दिसला."

मालिनीबाईंनी मान हलवली. मग अगदी सहज म्हणाल्या, "डोकं दुखायला लागलं गं. घोटभर चहा दे."

या चहाची एक परंपराच होती. पिशव्या बुडवलेला चहा मालिनीबाईंच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून रत्ना थर्मासमध्ये गरम पाणी आणि खांद्यावरच्या पर्समध्ये चहाची पूड, दुधाची भुकटी आणि वेलदोड्याची सालं घालून मुरवलेली साखर घेऊन हिंडे. सकाळी तिने सासूला दोनदा चहा करून दिला होता.

"पूड संपली, आई," रत्ना म्हणाली. "कॅफेतला आणू का?"

"नको. बसा सगळे. गार्ड यायच्या आत मला बोलायचंय."

पोरांना घसरगुंडीकडे पिटाळून मोठी माणसं बसली.

"पहिली गोष्ट साखरेची," मालिनीबाई म्हणाल्या. "संजय, चोर डबीत साखर का घालेल?"

"वजन लागावं म्हणून. रिकामी आहे हे कळू नये."

"कुड्या डबीत खुळखुळतात. दोन चिमटी साखर ना वाजते ना वजनाला लागते. फसवायचं असतं तर खडे काय थोडे पडलेत इथे? ही साखर फसवायला घातलेली नाही. ती हाताने आपोआप घातली आहे. कुणाचं भांडं परत करायचं तर रिकामं द्यायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी, ही आपल्याकडची रीत. कार्ल मेला तरी असं करणार नाही. म्हणजे तो यातून सुटला."

"मग नेत्राच," शैलजा म्हणाली. "तीही आपल्यातलीच आहे."

"आहे. पण या साखरेला वेलदोड्याचा वास आहे. घे, चाखून बघ. कॅफेतल्या साखरेच्या पुडीत वेलदोडा नसतो, आणि नेत्राकडे साखरच नाही. अशी साखर या डोंगरावर एकाच पर्समध्ये आहे, आणि ती पर्स दिवसभर खांद्यावरून उतरलेली नाही."

गिरीश बायकोकडे बघायचं टाळत होता.

"तिसरी गोष्ट चहाची. बारा वर्षांत माझ्या थोरल्या सुनेने मला चहाला नाही म्हटलेलं नाही. सकाळी पुडीचा डबा काठोकाठ भरलेला मी पाहिला. तो आता माझ्यासमोर उघडता येत नाही, म्हणून पूड संपली. रत्ना, काढ तो डबा."

रत्नाने डबा काढला. झाकण उघडताना अर्धी पूड टेबलावर सांडली. पुडीत बोटं घालून तिने आधी एक कुडी काढली, मग दुसरी. सात-सात मोती, चहाने मळलेले.

"मला विकायच्या नव्हत्या," ती म्हणाली. "घालायच्याही नव्हत्या. फक्त हिच्या कानात बघवत नव्हत्या. आजेसासूबाईंच्या कुड्या थोरलीला जातात, तुम्हीच सांगितलं होतंत. आणि हिच्या वास्तुशांतीला चारचौघांत तुम्ही हिच्या हातावर ठेवल्यात. मी आत जाऊन पन्नास पानं वाढली. मला जळफळाट झाला, आई. अजून होतोय."

"आणि ही पोर?" मालिनीबाईंनी नेत्राकडे बोट केलं. "हिचं शिक्षण बुडालं असतं. ते तुला बघवलं असतं?"

रत्ना नेत्राकडे वळली. माफी मागताना तिला पुरतं बोलता आलं नाही. नेत्राने मान हलवली, पण हात पुढे केला नाही. शैलजा मान फिरवून बसली होती, आणि संजयला अचानक बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या.

गार्ड आला. मालिनीबाईंच्या सांगण्यावरून नेत्रानेच त्याला सांगितलं की वस्तू सापडली, चहाच्या डब्यात पडली होती. त्याने वहीत काही न लिहिता टोपीला हात लावला आणि तो गेला.

मग मालिनीबाई थकल्यासारख्या बोलल्या. "चोरी हिने केली, पण आग मी लावली. संजयचं पाच बेडरूमचं घर पाहून भुलले, रीत विसरले. आणि हिला पकडलं कशावरून, तर मीच हिला लावलेल्या सवयीवरून. माझं जिने सगळ्यात जास्त ऐकलं, तीच सापडली."

कुड्या त्यांनी शैलजाला परत दिल्या. दिलं ते दिलं. डबीही राहू दे म्हणाल्या, घरी जाईपर्यंत कुड्यांना बरी.

संध्याकाळी गाड्यांत सामान भरताना शैलजा सासूपाशी आली. तिने डबी पुढे केली. धुतलेली, पुसलेली. मालिनीबाईंनी हातात घेतली तर आत काहीतरी खुळखुळलं.

"रिकामी द्यायची नसते ना," शैलजा म्हणाली. "आता कुणाला द्यायच्या ते नीट ठरवा."

"तुला राग आला?"

"वहिनींचा आला होता. आता तुमचा येतोय." तिचे डोळे भरून आले होते. "त्यांना तुम्ही चहापासून रिकाम्या भांड्यापर्यंत सगळं शिकवलंत. मला नुसत्या कुड्या दिल्यात. मला कधी काहीच शिकवलं नाहीत."