इटालियन रेकॉर्डची पहिली बाजू

ठाकूरद्वारच्या नाक्यापासून चौथ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर कमलाकांत त्रिलोकेकर राहत. बॅलार्ड पिअरला इटालियन जहाजांचं काम बघणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते. माणूस नेमका, शब्दाचा पक्का, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की पेपर उघडून बसणारा. एकच नाद होता, तोही जहाजांनीच लावलेला. एन्झो नावाचा एक पर्सर, म्हणजे जहाजावरचा कारभारी, दर फेरीला त्यांच्यासाठी जिनोआहून रेकॉर्डी आणी. कधी ऑपेरा, कधी मँडोलिन, कधी चर्चमधला ऑर्गन.

रविवारी सकाळी नऊ वाजता रेडिओग्राम लागे. ऐकायला दोघंच, ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी सरोजिनी. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंना त्यात गोडी नव्हती. त्या आत कोलंबी सोलत बसत. डोळे मिटून ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, असा कमलाकांतरावांचा दंडक. बोलत नसे सरू, पण तिला गुणगुणल्याशिवाय राहवत नसे. मूळ चालीच्या जरा खालून, दुसरीच काहीतरी चाल ती धरी. कधीकधी ती मूळ चालीपेक्षा बरी वाटे, आणि त्याचाच त्यांना राग येई.

छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला, त्या दिवशी ती गॅलरीत उभी होती. एकोणीस वर्षांची. गोळी भिंतीवर आपटून आली म्हणतात. तिच्या हातात काठी नव्हती, झेंडा नव्हता, ती मोर्चातही नव्हती.

त्यानंतर चार वर्षं रेडिओग्रामवर क्रोशाचं कापड पडून राहिलं आणि गॅलरीच्या दाराला कडी.

साठ सालच्या फेब्रुवारीत जहाजाच्या टपालातून त्यांच्या नावाचं एक चपटं पार्सल आलं. आत एक लाँगप्ले रेकॉर्ड. कव्हरवर समुद्रात उतरणारा जिना आणि त्याच्या शेवटच्या पायरीवर पाठमोरं कुणीतरी. लेबलवर छापलेलं साल होतं १९७२. छपाईची चूक, असं म्हणून कमलाकांतरावांनी ते कपाटात ठेवलं. दोन आठवड्यांनी एन्झो भेटला तेव्हा त्यांनी रेकॉर्ड दाखवून आभार मानले, तर तो गोंधळला.

"मी नाही पाठवलं, सिन्योर. हे वादक मी कधी ऐकलेले नाहीत." कव्हरवरच्या मोठ्या अक्षरांवर त्याने बोट फिरवलं. "ह्याचा अर्थ उंबरठा."

त्या रविवारी सुमतीबाई ठाकूरद्वाराच्या देवळात गेल्या असताना त्यांनी क्रोशाचं कापड बाजूला केलं.

पहिल्यांदा त्यांना ते संगीत वाटलंच नाही. ऑर्गन होता, पण देवासमोरचा नव्हे, भांडणातला. मग विजेवरची गिटार, गिरणीतल्या पट्ट्यासारखी करकरणारी. ढोल असे, की रेडिओग्रामची काच हलली. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी सुई उचलली. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी त्यांनी आख्खी बाजू ऐकली. अठरा मिनिटांचं एकच गाणं होतं ते. मध्येच सगळा कल्लोळ थांबे आणि एकटी बासरी येई, इतकी एकटी की खोली मोठी झाल्यासारखी वाटे. मग कुणीतरी इटालियनमध्ये, अगदी कानाशी, गाऊ लागे. एक वाद्य असं होतं की त्याला नावच देता येईना. वारा सुरात अडकून पडावा तसं. ठेका सात मात्रांचा, रूपकासारखा, पण सम भलतीकडेच. चार-पाचदा ऐकल्यावर त्यांना उमगलं की हा गोंधळ नाही. कुणीतरी जिना बांधत होतं, एकेक पायरी.

आणि अकराव्या मिनिटाला, बासरी येण्याआधी, कुणीतरी गुणगुणत होतं.

बायकी आवाज, चालीच्या जरा खालून.

त्यांनी सुई मागे घेतली. पुन्हा तेच. भास माणसाला होतात, दुःखात तर होतातच, हे ते जाणून होते. म्हणून रेकॉर्ड बगलेत मारून ते प्रार्थनासमाजासमोर राजारामच्या दुकानात गेले. राजाराम तीस वर्षं ग्रामोफोन दुरुस्त करत होता. त्याने रेकॉर्ड लावली, मान डोलवली.

"झकास आहे हो. बाई कोण गुणगुणतेय?"

कमलाकांतरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "ऐकू येतंय तुला?"

"न यायला काय झालं?" राजारामने रेकॉर्ड उजेडात धरली, डोळ्याला भिंग लावलं. मग भिंग पुसून पुन्हा लावलं. "साहेब, आवाज असतो तिथे खाच नागमोडी असते. इथे, जिथे बाई आहे ना, तिथे खाच सपाट आहे. ह्या जागी काही कोरलेलंच नाही."

पैसे न घेताच त्याने रेकॉर्ड परत केली. पुन्हा आणू नका, असंही म्हणाला.

मार्चपासून कमलाकांतराव रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती बाजू लावू लागले. गुणगुण दर वेळी जरा लवकर सुरू होई. तिच्यामागे आता इतर आवाजही येऊ लागले. ट्रामची घंटा. लांबवर घोषणा. पितळेच्या पातेल्यात कोलंबी टाकल्याचा आवाज. ही कुठली सकाळ आहे हे त्यांनी ओळखलं. सोळाव्या मिनिटाला एक पुरुष घसा खाकरे. तिथे ते घाईने सुई उचलत.

तो घसा त्यांचाच होता. त्याच्यापुढे काय येणार हे त्यांना पाठ होतं, आणि ते त्यांनी चार वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

सुमतीबाई ह्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. एकदा फक्त, ताट वाढता वाढता म्हणाल्या, "रोज तिथेच का थांबवता?"

"पुढे खरखर आहे."

"असं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

एक मे आला. रविवार होता. रात्रीपासून गिरगाव जागं होतं. खिडकीखिडकीत कंदील, रस्त्यावर गुलाल, तोरणं. नऊच्या सुमारास खालच्या मजल्यावरचे तात्या वेलकर वर आले. हातात हार होता.

"कमलाकांत, चल बाबा. चौपाटीपर्यंत मिरवणूक आहे. सुमतीवहिनी, तुम्हीही या. मंडळी म्हणतात, सरूच्या आईवडिलांना पुढे चालू द्या. आपलं राज्य झालं हो!"

"तुम्ही व्हा पुढे," सुमतीबाई म्हणाल्या. "आम्ही येतो." त्यांनी हार घेतला, तो खुर्चीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लावा ती. आज शेवटपर्यंत."

"सुमती, नको."

"तिला किती दिवस तिथे उभी ठेवणार आहात?"

त्यांनी रेकॉर्ड लावली. बाहेर ढोल वाजत होते, आत ढोल वाजत होते. सुरुवातीच्या ऑर्गनबरोबरच सरूची गुणगुण आली, इतकी जवळून की सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. दोघं शेजारीशेजारी बसले होते. ट्राम गेली. पातेलं वाजलं. सोळावं मिनिट आलं, तो माणूस खाकरला आणि कमलाकांतरावांचा हात सुईकडे गेला. सुमतीबाईंनी तो मनगटाला धरला.

"सोडा," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला काय म्हणालात ते मला माहीत आहे. मी आत होते. 'गुणगुणायचं असेल तर बाहेर जा, मला ऐकू दे.' असंच म्हणालात ना?"

कमलाकांतराव लहान मुलासारखे रडू लागले.

"चार वर्षं तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते हो मी," सुमतीबाई म्हणाल्या.

रेकॉर्डमधून ते वाक्य आलंच नाही. ऑर्गन थांबला, ढोल थांबले. नुसती गुणगुण राहिली, तीही दबकी, कुणाच्या तरी शब्दाची वाट बघणारी.

"सरू," कमलाकांतराव म्हणाले. "इथेच बस बाळ. गुणगुण तू. मला ऐकायचंय."

पुन्हा एकदा बासरी आली. बाजू संपली. सुई आपोआप उचलली गेली.

गुणगुण चालूच होती.

ती रेडिओग्रामपाशी नव्हती. मेजाजवळ होती. मग खुर्चीपाशी, हाराजवळ. मग गॅलरीच्या बंद दाराशी जाऊन थांबली.

कमलाकांतराव धावत गेले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "बाहेर नाही."

गुणगुण त्यांच्या छातीसमोर आली. सदऱ्यावर त्यांना ऊब जाणवली.

"बाजूला व्हा," सुमतीबाई हळू म्हणाल्या. "तिचा जीव घुसमटतोय."

त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं, कडी काढली.

ऊन आत आलं. गुणगुण ह्या दोघांच्या मधून बाहेर गेली आणि खालच्या गलक्यात मिसळली. सुमतीबाई कठड्याला धरून वाकून बघू लागल्या.

खाली मिरवणुकीचा बँड चालला होता. नेहमीचं काहीतरी वाजवत होता. मग क्लॅरिनेट वाकलं. एक सूर खाली घसरला. त्याच्यामागून कर्णे, त्यांच्यामागून ढोल. ठेका सातात गेला. लोक त्यावरच नाचत होते, गुलाल उधळत होते, कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

कमलाकांतराव अनवाणीच जिना उतरले. गर्दीतून वाट काढत त्यांनी क्लॅरिनेटवाल्याचा दंड धरला.

"हे काय वाजवताय? कुठे ऐकलंत?"

त्याने वाद्य ओठांपासून काढलं. घामाने डबडबलेला, ओशाळलेला चेहरा.

"काय ठाऊक साहेब. त्या वरच्या गॅलरीतल्या पोरीने गुणगुणलं, कानाला गोड लागलं, उचललं."

"कुठे आहे ती?"

"उतरल्या की खाली. त्या काय, पुढे चालल्यात दोघी."

"दोघी?"

क्लॅरिनेटवाल्याने चौपाटीच्या दिशेने हात केला. तिकडे नुसती डोकी होती, हजारो.

कमलाकांतरावांनी मागे वळून वर पाहिलं. गॅलरीचं दार सताड उघडं होतं. सुमतीबाई वाकून बघत होत्या त्या कठड्यापाशी आता कुणीच नव्हतं.