उघाडीची फळी

प्राचीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सुकटीचा वास पलीकडे पोचत नाही, विज्ञानाचे एवढे तरी उपकार माना, असं तिचा नवरा धनेश म्हणायचा. पनवेलच्या सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी सासू-सुना आपापलं काम घेऊन बसत. हौसाबाई खाली कागद पसरून सुकट निवडत आणि टेबलापाशी प्राची शनीचा चंद्र न्याहाळत असे.

चंद्राचं नाव टायटन. त्याच्यावर धुकं इतकं दाट की साध्या कॅमेऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून एका यानाने वरून फेऱ्या मारत रडारच्या लहरी सोडल्या, परत आलेल्या लहरींची चित्रं करून पृथ्वीवर पाठवली आणि आपलं आयुष्य संपवलं. ती चित्रं आता जुनी झाली होती. पुण्यातल्या एका संस्थेसाठी प्राची त्यांवरून तिथल्या एका समुद्राच्या काठाचा नकाशा तयार करत होती. गुळगुळीत ते काळं, खडबडीत ते उजळ. उंचवट्याची जी बाजू रडारकडे असेल ती उजळ आणि पलीकडची काळी. त्यामुळे यान डावीकडे बघत होतं की उजवीकडे, हे आधी तपासायचं. ते चुकलं की खड्डा टेकडी दिसतो आणि टेकडी खड्डा. विद्यार्थ्यांना हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

संध्याकाळ झाली की हौसाबाई दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवत. मिठागरावरून आलेल्या माणसाच्या पायांना मिठाने भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे तो तसाच घरात येत नाही. उंबऱ्यापाशी एक पाय पुढे करून उभा राहतो, बाई पाणी ओतते, मग दुसरा पाय. त्यांचा नवरा आनंदा असाच उभा राहायचा. त्याला जाऊन वीसेक वर्षं झाली, मिठागरही बंद पडलं, तरी तांब्या चुकला नव्हता. सोसायटीचा वॉचमन कुरकुरायचा. धनेश तर चावीने लॅच उघडून, तांब्याला वळसा घालून, बुटांसकट आत यायचा आणि दोघींची बोलणी खायचा.

"आमचं मिठागर तुज्या कॉम्प्युटरमदे कशाला?" एके दुपारी हौसाबाईंनी विचारलं.

प्राची हसली. "आई, हे आकाशात आहे. फार लांब."

"आसंल. पन ही उघाडी बग." त्यांनी सुकटीचं बोट पडद्यावर टेकवलं. उघाडी म्हणजे बांधातलं खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. "हा बांध, हितं वलन. हितं आमची मिठाची कोठी."

प्राचीने पडदा पुसला. त्या चित्रातल्या एका ठिपक्यात त्यांची अख्खी सोसायटी मावली असती, मग बांध कुठला दिसायला! तरी प्राची जिद्दीची होती. तिने गावाचा जुना हवाई फोटो मिळवला, लहान-मोठा करून चित्रावर ठेवला. वळणावर वळण बसलं. कोठीच्या जागी खडबडीत उजळ ठिपका होता. आपला मेंदू ढगातही गणपती शोधतो, असं तिने स्वतःला बजावलं आणि फोटो पुसून टाकला. त्या रात्री मात्र तिने धनेशला विचारलं, "तुमचं ते मिठागर आता कसं आहे?"

"कसलं मिठागर? भराव टाकतोय तिथे. अमावास्येला जुना बांध फोडून डंपरला रस्ता करायचा आहे." धनेश उलव्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या जमिनींवर भराव टाकायची कंत्राटं घ्यायचा. बापाच्या मिठागरावरचं काम मिळालं म्हणून तो खूश होता.

अमावास्येच्या दिवशी तो सकाळीच कळंबोलीला लोखंड बघून तिकडे गेला. दुपारी प्राचीने त्याच किनाऱ्याचं पुढच्या फेरीचं चित्र उघडलं. बांधासारखी जी उजळ रेघ होती, ती एका जागी तुटली होती आणि तिथून काळं आत शिरलं होतं.

हौसाबाईंच्या हातातली सुकट तशीच राहिली. "खांड परली."

"किनारा झिजला असेल, आई. आणि हे चित्र आजचं नाही, पुष्कळ जुनं आहे."

"धन्या बांध खयं फोरनार व्हता? तुला म्हायती हाय?"

"नाही. का?"

हौसाबाई भिंतीला टेकल्या. त्या सांगत होत्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारातला भाव सांगावा तसा. मोठ्या उधाणात त्या जागी बांध फुटून खांड पडली होती. चिखल येईपर्यंत पाणी अडवायला कोणीतरी खांडीत आडवं पडायचं, ही गावाची रीत. आनंदा पडला. माणसांनी घमेली ओतली. पाऊस, अंधार, आरडाओरडा. पाणी थांबलं तेव्हा आनंदा वर आलाच नव्हता.

"म्हणजे त्यांच्यावरच..."

"खनून काढला आसता तर सगला गाव बुडाला आसता. धन्याला सांगितलं, बाबा खाडीत व्हावून गेला. त्याला नाय म्हायती गो, तो कुनावर पोकलेन घालतोय त्ये."

तिने धनेशला फोन लावला. रिंग जाऊन बंद झाली. पुन्हा लावला. दुपारची भरती, त्यात अमावास्या. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही.

"फुडलं चित्र हाय का?" हौसाबाई म्हणाल्या. "खांड बंद झाली का बग."

प्राचीला हा वेडेपणा कळत होता. तरी तिने पुढचं चित्र उघडलं. घाईघाईत यानाची बाजू वगैरे काही तपासलं नाही. खांडीत एक लांबट आकार आडवा होता. एक कड लख्ख उजळ, दुसरी काळी.

"उंचवटा आहे," ती पुटपुटली. "काहीतरी आडवं पडलंय."

"केवरं?"

तिने मोजलं. मोजायला जवळ फक्त उघाडी होती. "उघाडीएवढंच. अगदी तेवढंच."

हौसाबाईंनी तोंडावर पदर धरला. "उघाडीची फळी धन्याच्या बापाच्या मापाची व्हती. सुताराने त्याला भुईवर आडवा झोपवून कापलेली. आनि धन्या बापाएवराच उंच."

प्राचीने पर्स उचलली, चपला घातल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. धनेश.

"अगं, चिखलात रुतलो होतो, फोन कसा घेणार? पोकलेनने खणलं तिथून पाणी घुसलं. डंपर बुडाला, माणसं सगळी ठीक आहेत."

प्राची रडायलाच लागली. "तू ये आधी घरी. आत्ताच्या आत्ता."

"निघालोच आहे. आणि ऐक, एक माणूस बरोबर आणतोय. खणलेल्या जागी बसला होता. बिचाऱ्याच्या अंगावर धड कपडा नाही, बोलतही नाही. माझा शर्ट दिलाय त्याला. काहीतरी खायला घालू, मग पोलिसात कळवू."

"कसा आहे दिसायला?"

"चिखलच आहे सगळा. पण शर्ट मापात बसलाय बघ, माझ्यासाठी शिवलेला त्याला." तो हसला. मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

हौसाबाईंनी देवाला हात जोडले. प्राची खुर्चीत बसली. आता डोकं थाऱ्यावर आलं तशी तिला आपली चूक आठवली. तिने चित्राची माहिती उघडली. त्या फेरीत यान उजवीकडे नाही, डावीकडे बघत होतं.

म्हणजे उजळ कड उंचवट्याची नव्हतीच.

तिने चित्र फिरवलं. खांडीतला तो आकार डोळ्यांदेखत खाली गेला. तो खड्डा होता. उघाडीच्या फळीच्या मापाचा, रिकामा खड्डा.

तिने घाईने चित्र बंद केलं. पण हौसाबाई मागे येऊन उभ्या होत्या आणि त्यांना दिसायचं ते दिसलं होतं.

"उठला," त्या म्हणाल्या.

खालून डंपर जात राहिले, वरून एक विमान गेलं.

"प्राची," हौसाबाई म्हणाल्या, "खांड उघडी ऱ्हात नाय. एक उठला तर दुसरा लागतो."

प्राचीने फोन लावला. रिंग जात राहिली. संपली. पुन्हा लावला. उलव्याहून यायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ झाला होता. बाहेर दिवेलागण होत आली.

त्या किनाऱ्याचं एकच चित्र उरलं होतं, यानाच्या शेवटच्या फेरीचं.

तिने ते उघडलं. या वेळी बाजू आधी तपासली. मग पुन्हा तपासली. चित्र फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं. चुकायला कुठे जागा नव्हती.

खांड बंद होती. खड्डा भरला होता. आत काहीतरी आडवं होतं, त्याच मापाचं.

बाहेर लिफ्ट थांबली. जाळीचं दार सरकलं.

प्राची धावत दारापाशी गेली. लॅचमध्ये चावी फिरण्याची वाट बघत उभी राहिली. चावी फिरली नाही. बेलही वाजली नाही.

तिने दाराच्या भिंगाला डोळा लावला. धनेशचा निळ्या चौकड्यांचा शर्ट दिसला. गळ्यापासून वर नुसता चिखल.

"धनेशच आहे, आई," ती म्हणाली. तिला तसं म्हणायचंच होतं. फोन तिने अजून कानाशी धरला होता. त्यात रिंग जात होती. दाराबाहेर मात्र काहीच वाजत नव्हतं.

हौसाबाई वाकून दाराच्या फटीकडे बघत होत्या. तांब्या आज बाहेर ठेवायचा राहिला होता, तो त्यांच्या हातात होता आणि पाणी हिंदकळत होतं.

बाहेरच्या माणसाने एक पाय उंबऱ्यापाशी पुढे केला आणि तो तसाच उभा राहिला.