नेट बंद करून बघा

तो फोन खरं तर ग्रंथालयाच्या वर्गणी विभागाला लागायचा होता. चुकून तिच्या टेबलावर वाजला. वेबसाइटवरची फाइल उतरवून घेता येत नसेल, तर लोकांना फोनवर समजावून सांगायचं, हे तिचं काम. दिवसभर तीच वाक्यं. लिंकवर जा. माउसचं उजवं बटण दाबा. 'सेव्ह' म्हणा. दुपारनंतर ती वाक्यं तोंडातून आपोआप पडत, आणि ती स्वतः कुठंतरी लांब डोळे मिटून बसलेली असे.

"तुम्ही फार दमलेल्या दिसता," पलीकडचा आवाज म्हणाला.

"फोनवर दिसते मी?"

"ऐकू येतं... मी घड्याळं दुरुस्त करतो. टिकटिक मंदावली की कळतं."

ती हसली. मग वर्गणीचं राहिलं बाजूला आणि त्यानं दुसरीच अडचण सांगितली. त्याचे वडील पूर्वी ग्रंथालयात येऊन अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचत. ती ध्वनिमुद्रणं वेबसाइटवर होती, एकूण एक्केचाळीस. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वडिलांची वाचा गेली. आता रोज दुपारी ते त्याच्या दुकानात स्वतःचाच आवाज ऐकत बसत... ओठ हलत, पण शब्द फुटत नसे. महिनाअखेरीला संध्याकाळी सहा वाजता वेबसाइट कायमची बंद होणार होती. तिची नोकरीही.

तिनं नेहमीची वाक्यं सांगितली, पण जरा सावकाश.

मग तो रोज चार वाजता फोन करू लागला. आज दोन झाली, आज तीन झाली. जेवलात का, असंही विचारायचा. चार वाजायला आले की ती पाण्याचा ग्लास भरून ठेवी, म्हणजे मध्ये उठायला नको. फाइल नीट उतरली का, हे तिनं एकदाही तपासायला लावलं नाही. इतरांना ती न चुकता लावायची. त्याच्याशी बोलताना ते राहूनच जाई.

शेवटच्या दिवशी त्याचा फोन तीनलाच आला. सगळी एक्केचाळीस झाली म्हणाला, आणि वर कौतुकानं सांगितलं की एवढी तासन्‌तासांची वाचनं, पण कॉम्प्युटरमध्ये जागा म्हणून घेत नाहीत.

खरी ध्वनिमुद्रणं भरपूर जागा घेतात, हे तिला माहीत होतं.

"एक करा," ती म्हणाली. "नेट बंद करून त्यातली पहिली उघडून बघा."

माउसची टिचकी ऐकू आली, मग पुन्हा एकदा. दुकानातली घड्याळं तेवढी वाजत होती.

"नाही उघडत," तो म्हणाला.

तो इतके दिवस लिंकच माउसनं ओढून पडद्यावर ठेवत होता. ठेवला होता तो नुसता पत्ता, आवाज नव्हे. नेट चालू असेपर्यंत दोन्हींत फरक कळत नव्हता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "लॅपटॉप घेऊन इकडेच या. लगेच."

तो आला तेव्हा साडेतीन झाले होते. कल्पनेपेक्षा उंच, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. तिनं शेजारी खुर्ची ओढली. बाहेरच्या माणसाला आत बसवायची परवानगी नव्हती, पण आज विचारणारं तरी कोण होतं. ती एकेक फाइल उतरवत गेली, तो एकेकीला नाव देत गेला. मधूनच नेट बंद करून एखादी उघडून बघत. रिकाम्या खोलीत एक भारदस्त आवाज दोन ओळी वाचून थांबे. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा त्यानं मान फिरवली. तिनं पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

सहा वाजले तेव्हा चाळीस झाली होती. एक्केचाळिसावी अर्ध्यावर थांबली, ती थांबलीच.

"माफ करा," ती म्हणाली.

"चाळीस पुष्कळ झाली. बाबांना तोवर डुलकी लागते." त्यानं लॅपटॉप मिटला, पण उठला नाही. "काही अडलं तर फोन करीन. तुमचा नंबर पाठ आहे मला."

"तो या टेबलाचा नंबर आहे," ती म्हणाली. "उद्यापासून उचलायला कोणी नसेल."

त्यानं खिशातून दुरुस्तीच्या पावतीचा कोरा कागद काढला. तिनं त्यावर स्वतःचा नंबर लिहिला. त्यानं तिथंच बसून तो लावला. तिची पर्स थरथरली.

"खात्री करून घेतो," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत..."

तिनं त्याच्याकडे पाहत फोन उचलला. "बोला."

"उद्या चार वाजता," तो फोनमध्येच म्हणाला, ती दोन हातांवर असूनही, "काही अडचण नसताना फोन केला, तर चालेल?"

ती फार दमली होती. इतकी, की आढेवेढे घ्यायलाही त्राण नव्हतं.

"उद्या मला सुट्टीच आहे," ती म्हणाली. "फोन कशाला... मीच येते दुकानात. बाबांना ऐकायला."

आणि मग, जरा थांबून, तिनं त्याच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "ते बटण तेवढं नीट लावून ठेवा."