बाहुल्यांमागची तार

वनजाने टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबलं आणि दिवाणखान्यात सणासाठी लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांमागून ठिणग्या उडाल्या. धूर आला, घरभर अंधार झाला. ऐन दसऱ्याच्या दिवसांत!

दुसऱ्या दिवशी सकाळी वीजखात्याचे इन्स्पेक्टर जयतीर्थ नागोजीरावांच्या घरी हजर झाले. नागोजीराव एकेकाळचे राजवाड्याचे घोडेस्वार. आता उजवा हात लुळा होता, जीभ मात्र शाबूत.

"तारा वीस वर्षांच्या. कुजल्या असतील तर सांगा. नव्या घालणार नाही, वीजच काढून टाकतो. सुम्ने, उगाच जिवाशी खेळ कशाला?"

दाराशी उभ्या वनजाचा चेहरा उतरला. घरकाम आवरल्यावर ही धाकटी सून त्या दिव्याखाली मॅट्रिकचा अभ्यास करायची. वीज गेली की परीक्षाही गेली.

"काढाच," थोरली सून गिरिजाबाई म्हणाली. तिचा नवरा पलटणीबरोबर बेंगळूरला होता. "मी आले तेव्हा वीज नव्हती, कंदिलाच्या चिमण्या पुसून डोळे फोडले. हिला आल्या आल्या माहेरचा विजेचा दिवा! आल्यागेल्याच्या तोंडी हिचंच कौतुक."

मत्सर लपवायची तिला सवयच नव्हती.

जयतीर्थांनी पायऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यांत वर लाल चंदनाचे राजा-राणी, इकडे प्रत्येक नवरी लग्नात माहेरून आणते ती जोडी. राणी राजाच्या उजव्या हाताला.

"कोणी मांडल्या?"

"आम्ही दोघी जावांनी," वनजा म्हणाली.

"मांडल्यावर हलवता?"

"अय्यो! दशमीपर्यंत बोटसुद्धा लावत नाही."

"काल दुपारी घरी कोण होतं?"

"आम्ही दोघी शेजारी आरतीला गेलो होतो," वनजा म्हणाली. "डोकं दुखतं म्हणून अक्का लवकर परतल्या."

गिरिजाबाईने तिच्याकडे जळजळीत नजर टाकली.

"बाबा त्यांच्या खोलीत झोपले होते, मी माडीवर," वनजाचा नवरा भुजंगराव म्हणाला. "विचारता काय एवढं? जुन्या तारा, जळल्या. काढून टाका."

पायऱ्या पुढे ओढल्या. भिंतीवर तारांची लाकडी पट्टी होती. तिच्या झाकणाच्या स्क्रूंवर ताजे, चकचकीत ओरखडे. जयतीर्थांनी झाकण उघडून जळक्या जागेपलीकडची तार वाकवली. रबर मऊ होतं, तडकलं नाही. जळालेल्या टोकांजवळ मात्र पात्याचे सरळ काप होते.

"तारा कुजल्या नाहीत. खरवडून एकमेकींना टेकवल्या आहेत."

सगळ्यांनी गिरिजाबाईकडे पाहिलं. ती रडकुंडीला आली.

"त्यांनी नाही," जयतीर्थ म्हणाले. "तार गाठायला पायऱ्या ओढाव्या लागतात, त्याआधी बाहुल्या उतरवाव्या लागतात. त्या परत ठेवणाऱ्याने राणी राजाच्या उजवीकडे ठेवली. आमच्या घरातली पोरसुद्धा तिला डावीकडे बसवते. लग्नात ही जोडी माहेरून घेऊन आलेल्या बाईचा हात डोळे मिटूनही चुकणार नाही. म्हणजे हात पुरुषाचा. नागोजीरावांना एका हाताने स्क्रू फिरवता येणार नाही. राहिलं कोण?"

भुजंगराव भिंतीला टेकला.

"मी दोनदा नापास झालो त्याच परीक्षेत," तो पुटपुटला. "आता ही पास होणार. लोक मला विचारतात, बायको शिकवते का रे? रोज तो दिवा पेटला की मी उठून माडीवर जायचो. वाटलं, तारा जुन्या ठरतील, बाबा वीज काढतील. एवढंच."

"बटण दाबणाऱ्या हाताला काय झालं असतं, याचा विचार केलात?"

नागोजीराव म्हणाले, "जळला तेवढा तुकडा बदला. वीज राहू द्या."

वनजा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काल सकाळी तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, की वनजा, मला त्रास होतो, तर मी पुस्तकं मिटली असती. खरंच मिटली असती."

भुजंगरावाने आशेने तिच्याकडे पाहिलं.

"आज नाही," ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली.