रोज एक आवाज कमी

ज्या वर्षी भाऊजींच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी बॉयलरवाल्याची बायको वहिनींच्या दारात आली. जुळ्यांपायी भाऊजींची झोप उडालेलीच होती. उरलीसुरली या बाईने पळवली.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी आगी आणि चोऱ्या तपासल्या. आता खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांची गाडी चालवत आणि दोघांच्या वाटणीचं घाबरत.

"ताई, माझ्या घरात कुणीतरी येतंय," बाई म्हणाली. तिच्या गळ्यात दोऱ्याला किल्ली होती आणि ती मुठीत घट्ट धरलेली.

नवरा रंगाच्या कारखान्यात बॉयलर चालवायचा. मार्चमध्ये बॉयलर फुटला, तो गेला. कंपनी म्हणते, त्याचाच हलगर्जीपणा. पण तो रोज पाळी संपली की फोनमध्ये बोलून ठेवायचा: वाफेची झडप अडकते, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. अशी एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज. फोन त्याच्याबरोबर जळाला, पण सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलेलं होतं.

"सोमवारी चौकशी आहे. आता नऊच उरलीत."

"एकदम गेली?"

"नाही. रोज एक. सगळ्यांत जुनं आधी. रविवारी मात्र एकही जात नाही. कुलूप दोनदा बदललं, पासवर्ड तीनदा. मध्ये एक दिवस भीतीने मशीन लावलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन गेली. आणि काल कामावरून आले, मशीन सुरू केलं. माझ्या डोळ्यांदेखत यादीतली वरची ओळ नाहीशी झाली, ताई. खोलीत मी एकटी!"

"घरात आणखी कोण?"

"सासूबाई. त्यांना काही सांगितलं नाही. मुलगा गेला, आता त्याचा आवाजही चाललाय, हे कुठल्या तोंडाने सांगू? आम्ही दोघी घरात ह्यांचं नावसुद्धा काढत नाही."

बाईच्या घरी पोचताच वहिनींनी आधी उरलेली नऊ पेनड्राइव्हवर उतरवून पर्समध्ये टाकली. बाईने इतके दिवस भीतीने हातच लावला नव्हता. हात लावला तर हीही जातील, असं तिला वाटे. वहिनींनी कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. रिकामी. खिडकीचे गज जागच्या जागी.

तेवढ्यात कारखान्याचा फोरमन आला. दर शनिवारी येऊन विचारपूस करायचा.

"वहिनी, सोडून द्या," तो बाईला म्हणाला. "मेलेल्याचं उकरून जिवंतांच्या नोकऱ्या जातील."

"तुमची पण?" वहिनींनी विचारलं.

"घरात चार तोंडं आहेत माझ्या," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

"हाच!" भाऊजी कुजबुजले. "चोराच्या मनात चांदणं."

"भाऊजी, तो आठवड्यातून एकदा येतो. रेकॉर्डिंग्ज सहा जातात."

मग कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"बॅकअप मीच लावून दिलाय," तो छाती फुगवून म्हणाला. "या ताईंचं मशीन आणि त्यांच्या साहेबांचा जुना लॅपटॉप घरच्या वायफायवर जोडलेत. या फोल्डरमध्ये जे, तेच त्या फोल्डरमध्ये."

"मग दुसरी प्रत आहे की!" भाऊजी उडालेच.

"पाहिलं मी. तिथल्या फोल्डरमध्येही नऊच."

"म्हणजे चोर दोन्हीकडे पोचलाय," भाऊजी म्हणाले.

"तो लॅपटॉप कुठाय?"

"आजींकडे. पत्ते खेळतात त्यावर."

सासूबाईंची खोली लख्ख होती. टेबलावर वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे, गळ्यात हेडफोन. वहिनींनी डावीकडचा एक अंक चाळला आणि उजवीकडे ठेवला. म्हातारीने लगेच उचलून परत डावीकडे नेला.

"वाचलेलं डावीकडे. वाचलेला कागद नव्यांत मिसळला की बोंब. तीस वर्षं कोर्टाचं रेकॉर्ड सांभाळलंय मी, बाई."

"पत्ते कधी खेळता?"

"दुपारी. सून कामावर गेली की."

"रविवारी?"

"ती घरी असते ना. मग नाही."

वहिनींनी सुनेला हाक मारली आणि दार लोटून घेतलं.

"चोराने सगळी एका झटक्यात पुसली असती. हा माणूस रोज एक उचलतो, क्रमाने, आणि सून घरात असली की उचलत नाही. म्हणजे तो पुसत नाही, ऐकतो. पत्त्यांना हेडफोन कशाला लागतो, आजी?"

"शेजारी आवाज गेला तर हिच्या कानावर जाईल, ही रडेल म्हणून..."

"आणि ऐकून झालेलं?"

"डावीकडे ठेवते. वेगळ्या फोल्डरमध्ये."

"तिथेच मेख आहे. दुरुस्तीवाल्याने लावला तो बॅकअप नव्हे, आरसा. इकडे लॅपटॉपच्या फोल्डरमधून उचललं की तिकडूनही जातं. दुपारी सुनेचं मशीन बंद असतं, म्हणून संध्याकाळी सुरू केल्यावर डोळ्यांदेखत जातं. एक दिवस बंद ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी दोन गेली. कचरापेटी रिकामी, कारण त्या मशीनवर कुणी काही पुसलंच नव्हतं."

म्हातारी लॅपटॉपपासून मागे सरली. "म्हणजे मी पुसलं? माझ्या पोराचं बोलणं मी पुसलं?"

वहिनींनी लॅपटॉपचं वायफाय आधी बंद केलं, मग फोल्डर उघडला. नाव होतं 'ऐकलेले'. त्यात बत्तीस.

सून म्हातारीजवळ खाली बसली. "आई, मला सांगायचं होतंत ना!"

"तू तरी कुठे सांगितलंस, गं?"

"पहिलं लावा," वहिनी म्हणाल्या. "हेडफोन काढून."

तो खोकत, हसत बोलला: "झडप आज पुन्हा अडकली. फोरमनला तिसऱ्यांदा सांगितलं." दोघी हात धरून ऐकत राहिल्या. भाऊजी गाडी पाहायला म्हणून बाहेर गेले.

सोमवारी चौकशीत एक्केचाळीसही रेकॉर्डिंग्ज वाजली. विसाव्या रेकॉर्डिंगला फोरमन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मला सांगितलं होतं. मी वर कळवलं होतं."

अहवालाच्या पहिल्या पानावर असं लिहिलं आहे: बॉयलर चालवणारा कामगार, वय एकोणचाळीस, तीन मार्चला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कारखान्याने झडप न बदलल्यामुळे मरण पावला. त्याची चूक नव्हती.